ओल, शेकडा पन्नास

सर्वेश, शर्ट खोच. आणि ती किल्ल्यांची जुडी
लॉकरमध्ये टाक, फार बोलते ती.
आज मागचा लोखंडी जिना नाही,
पुढच्या दारानं जायचं. मारिसेलनं दोन पास दिलेत,
सगळ्यात वरचा मजला, खांबाआडचा कोपरा.

बाहेर मस्कत अजून निवलं नाही.
सप्टेंबर संपत आला, तरी रात्री आठला छत्तीस,
समुद्राकडून भिजलेलं फडकं यावं तशी हवा.
आत मात्र शेकडा पन्नास ओल. ती आपली.
ती जरा हलली की चेलोचं लाकूड आजारी पडतं,
हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं,
तर तू हसलास.

बस. घाबरतोस कशाला?
मीही घाबरलो होतो, नऊ वर्षं झाली.
एवढी माणसं, एवढं लाकूड, पितळ,
आणि शब्द एकही नाही. मग धरायचं कुठं?
शाळेत बाजाच्या पेटीला हात लावला
म्हणून मास्तरांनी बोटांवर पट्टी मारलेली,
ती बोटं मी खिशात घालून उभा होतो.

ती बघ, काळी नळी ओठांत धरलेली बाई,
सारखी पात ओली करतेय, ती ओबोवाली.
ती एक सूर देईल. बाकीचे तो मागून घेतील,
भजनाआधी बुवा पेटीवर सूर धरून खाकरतात तसं.
हे अजून संगीत नव्हे.
पण मला हाच भाग सगळ्यात आवडतो.
ऐंशी माणसं एकमेकांचं ऐकून घेतात.
आपल्या खोलीत सहाजणांचं
एका पंख्याच्या वेगावर जमत नाही.

सगळंच ऐकायला धावू नकोस. एकच माणूस निवड.
मी तो मागचा निवडला होता, तांब्याच्या नगाऱ्यांचा.
हात बांधून बसतो, ओठ हलतात, मोजत असतो,
दोनशे मोजतो, आणि मग चार ठोके.
कामावरचा माणूस वाटला मला.
आपणही अकरा महिने मोजतोच की.

एखादा सूर ओळखीचा वाटला तर लक्षात ठेव.
तो परत येणार. दुसऱ्याच्या तोंडून,
कधी घाईत, कधी रडवेला.
आई दर शुक्रवारी फोनवर तेच विचारते ना,
"जेवलास का?"
आणि आवाज दर खेपेला निराळा. तसं.

चार भाग आहेत. मध्ये टाळी नको.
मी वाजवली होती, एकट्यानं, छताच्या जाळीमागून.
खालचे सगळे वर बघायला लागले.

झोप आली तर झोप. मला लागली होती,
दुसऱ्या भागात. जाग आली तेव्हा
गाल ओले होते. कशानं, ते विचारू नकोस.

आणि ऐक, सालेमला विचारून बघ, तोही होता.
एकदा तालमीत त्या काडीवाल्यानं हात थांबवला.
म्हणाला, कोणीतरी एक सूर जास्तीचा लावतंय.
वादक एकमेकांकडे बघू लागले.
त्यानं काडी वर केली. छताकडे.
तिसऱ्या पंख्याचं बेअरिंग.
रात्रभर आम्ही दोघं डक्टमध्ये उताणे,
कोपरापर्यंत ग्रीस, सालेमच्या तोंडी टॉर्च.
सकाळी त्यांनी तीच जागा वाजवली,
इतकी हळू, की मला आधी वाटलं थांबलेत.
नऊ वर्षांत तेवढं हळू मी काही ऐकलं नव्हतं.
मग त्यानं पुन्हा वर बघितलं,
मान जराशी हलवली,
वादकांना दाद देतो तशी.
सालेम म्हणाला, आपल्याला नाही रे.
मी म्हटलं, आपल्यालाच.

दिवे उतरले.
हात वर गेला बघ. अजून कोणी वाजवत नाहीये.
हे जे आता काहीच ऐकू येत नाही ना,
ते आपलं.

खोकला आवर.